मालदीवमधील हनिमाधूहून गानला विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

मालदीवच्या उत्तर टोकाकडील हनिमाधू विमानतळापासून दक्षिण टोकाच्या गान विमानतळापर्यंतचे हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ आपण विचारला आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८२५ किलोमीटर भरते. प्रत्यक्ष उड्डाणाचे दोन ते अडीच तास धरावेत, पण प्रवासासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा.

मी पुण्यात भूगोल शिकवतो आणि हे उदाहरण मला फार आवडते, कारण हे अंतर वहीत मांडून काढता येते. दोन्ही विमानतळ ७३ अंश १० मिनिटे पूर्व या जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत (आपले लोहगावही ७३ अंश ५५ मिनिटांवर, म्हणजे ही बेटे पुण्याच्या जवळपास थेट दक्षिणेला येतात), त्यामुळे केवळ अक्षांशांचा हिशेब पुरतो. हनिमाधू ६ अंश ४५ मिनिटे उत्तरेला, तर गान ० अंश ४२ मिनिटे दक्षिणेला आहे. येथे विद्यार्थी हटकून वजाबाकी करतात. परंतु मध्ये विषुववृत्त असल्यामुळे बेरीज करावी लागते. ती येते ७ अंश २७ मिनिटे, म्हणजेच ४४७ मिनिटे. विषुववृत्ताजवळ अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८४३ किलोमीटरचे असते, म्हणून गुणाकार ८२४ किलोमीटर येतो. वजाबाकी केल्यास उत्तर ६६९ येते आणि दीडशे किलोमीटर समुद्र हिशेबातून गळतो.

वेळेचा अंदाज करताना पुणे-बंगळूर प्रवासाचा अनुभव लावू नये. तेथे जेट विमान असते. मालदीवच्या देशांतर्गत मार्गांवर प्रामुख्याने डॅश ८ किंवा एटीआर यांसारखी पंख्यांची विमाने असतात आणि त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. शिवाय हा प्रवास सहसा मालेमार्गे होतो. हनिमाधू ते माले सुमारे २८५ किलोमीटर, त्याला पाऊण ते एक तास. माले ते गान सुमारे ५४० किलोमीटर, त्याला सव्वा ते दीड तास. माले या रेषेपासून पूर्वेला केवळ चाळीसेक किलोमीटर असल्यामुळे तेथे वळून गेल्याने एकूण अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटरने वाढते. वेळ जातो तो मालेला पुढच्या विमानाची वाट पाहण्यात, आणि अंतराचे आकडे पाहून बेत आखणाऱ्यांच्या नेमके हेच लक्षात येत नाही.

म्हणून दोन्ही तिकिटे शक्यतो एकत्र काढावीत. वेगवेगळी काढायची असल्यास मध्ये किमान तीन तास ठेवावेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, विशेषतः मे ते ऑक्टोबर, हा मधला वेळ आणखी वाढवावा. वारा या उत्तर-दक्षिण मार्गाला आडवा असल्याने वेगात फारसा फरक पडत नाही, पण गडगडाटी ढगांना वळसा घालावा लागतो. वेळापत्रक स्थानिक वेळेनुसार असते आणि ती भारतीय वेळेपेक्षा अर्धा तास मागे आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

गानला उतरल्यावर मात्र बोटीची वाट पाहावी लागणार नाही. विमानतळापासून फेधू आणि मराधू या बेटांवरून हिताधूपर्यंत सलग रस्ता आहे.