वाचक विचारतात : क्वेरी गेल्या, उत्तरं आली नाहीत

प्रश्न : सहा वर्षं इनपेशंट चार्ट पाहिल्यावर आता एका अमेरिकन क्लायंटच्या आउटपेशंट सीडीआय (डॉक्टरांच्या नोंदी नेमक्या करून घेण्याचं काम) प्रकल्पाची लीड झाले आहे. डॉक्टर ४०, माझ्या टीममध्ये चौघं. पहिल्या महिन्यात ३०० क्वेरी (नोंदीबद्दल डॉक्टरांना लेखी प्रश्न) पाठवल्या. बहुतेकांनी उघडूनही पाहिल्या नाहीत. कुठे चुकतंय?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, क्वेरी उशिरा जात आहेत. इनपेशंटमध्ये पेशंट चार दिवस वॉर्डात असतो, तोवर डॉक्टरांना गाठता येतं. ओपीडीत भेट पंधरा-वीस मिनिटांची, आणि बिल एक-दोन दिवसांत निघतं. आठवड्याने विचारलंत तर डॉक्टरांना पेशंटच आठवत नाही, आणि तेव्हा जोडलेली पुरवणी नोंद ऑडिटरला खटकते. म्हणून काम भेटीच्या आधी करा. दोन दिवस आधी अपॉइंटमेंटची यादी घ्या, वर्षभराच्या नोंदी, लॅब, औषधं पाहा आणि एका पेशंटमागे फार तर दोन मुद्दे ठेवा. घड्याळ तुमच्या बाजूचं आहे : बडोद्यात संध्याकाळी साडेसहा, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ, हिवाळ्यात आठ. तुमचा दिवस संपताना त्यांची ओपीडी उघडते.

एक नोंद जवळून पाहू : ‘डायबिटीस स्टेबल, औषधं चालू.’ टाइप २ चा पेशंट असला तरी एवढ्यावर ई११.९ (गुंतागुंत नसलेला टाइप २ डायबिटीस) या कोडच्या पुढे जाता येत नाही. पण लॅबमध्ये ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) चार महिन्यांपूर्वी ४२ होता, आता ४० आहे. आकडा पाहून कोडरने किडनीचा आजार लावायचा नाही, निदान डॉक्टरांचंच. ‘सीकेडी ३बी (किडनीचा जुनाट आजार, स्टेज ३बी) लिहाल का?’ असं विचारणं म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडी घालणं. दोन्ही आकडे तारखांसह मांडा आणि पर्याय द्या : सीकेडी (स्टेज लिहा), दुसरं कारण, वैद्यकीय महत्त्व नाही, सांगता येत नाही. पैशांचा किंवा रिस्क स्कोअरचा (पेशंटच्या आजारांवरून निघणारा, विम्याचे पैसे ठरवणारा अंक) शब्दही नको. डॉक्टरांनी सीकेडी ३बी लिहिलं की ई११.२२ (डायबिटीससोबत किडनीचा जुनाट आजार) आणि एन१८.३२ (स्टेज ३बी). डायबिटीसशी संबंध वेगळा लिहून घ्यावा लागत नाही. डॉक्टरांनी नाकारला नसेल तर आयसीडीचा (आजारांच्या कोडची यादी) ‘विथ’ नियम तो गृहीत धरतो. मात्र त्या भेटीत आजाराकडे लक्ष दिल्याचं दिसायला हवं : लॅब पाहिली, औषध बदललं, नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवलं, काहीतरी. नुसत्या प्रॉब्लेम लिस्टवरचं नाव टिकत नाही.

चाळीसही डॉक्टर एकदम घेऊ नका. सहा-सात निवडा, प्रत्येकाच्या वीस भेटी वाचा, आणि जे तीन-चार आजार वारंवार निसटतात तेवढेच धरा. तुमची आजारांची यादी जुनी तर नाही ना, तेही पाहा. मेडिकेअर ॲडव्हान्टेजचं (अमेरिकेत खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारा मेडिकेअरचा सरकारी विमा) व्ही२८ मॉडेल, म्हणजे रिस्क स्कोअरमध्ये कोणते आजार मोजायचे ते ठरवणारं, २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं आलं, २०२६ मध्ये पूर्ण लागू झालं. सौम्य मेजर डिप्रेशन आधीच्या व्ही२४ मध्ये मोजलं जायचं, व्ही२८ मध्ये नाही. म्हणून ‘मध्यम’ लिहून घ्यायची घाई कुणी केली, तर तिथेच थांबवा.

आणि कोड वाढवता तितक्याच कसोशीने काढाही. तीन वर्षांपूर्वीचा स्ट्रोक दर भेटीला आय६३ (ताजा स्ट्रोक) म्हणून पुढे कॉपी होत राहतो, तिथे झेड८६.७३ (पूर्वी झालेला, परिणाम न उरलेला स्ट्रोक) हवा, हातापायात कमजोरी उरली असेल तर आय६९ (स्ट्रोकचे उरलेले परिणाम). उलट, स्तनाच्या कॅन्सरवर औषध अजून चालू असताना ‘हिस्टरी ऑफ’ लिहिलेलं सापडतं, तेही विचारा. क्लायंटच्या अहवालात काढलेल्या कोडांचा रकाना आमच्या मते सगळ्यात वर असावा. उत्तरं किती आली ते मोजा, पण शंभरातल्या नव्व्याण्णव क्वेरींना डॉक्टर होच म्हणत असतील तर आपल्याच शब्दांवर संशय घ्या.

प्रश्न : ओपीडीच्या नोंदीत ‘सस्पेक्टेड न्यूमोनिया’ असेल तर कोड कोणता?
– एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : न्यूमोनिया लावू नका. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळी ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’ लिहिलं असेल तर तो आजार असल्यासारखा कोड होतो, आउटपेशंटमध्ये नाही. खोकला, ताप, जे लिहिलं असेल ते लक्षण लावा. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी निदान पक्कं लिहिलं, तर न्यूमोनिया त्या भेटीला.