टीव्ही काढून टाकण्याआधी

बाळ आलं म्हणून टीव्हीच विकून टाकायचा म्हणतोयस, पण एवढी घाई नको. कोणी बघत नसताना तो किती वेळ चालू असतो, ते आधी बघ. खरी गोम तिथे आहे. मागे नुसता आवाज चालू असला तरी मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात, आणि खेळणारं मूल सारखी पडद्याकडे मान वळवतं. ठोकळ्यांचा मनोरा अर्धाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: २ वर्षांच्या आत पडदा नकोच, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच.

मूल मोठं झालं की मिनिटं मोजू नकोस, भाग मोज. ‘अर्धा तास झाला, बंद’ म्हटलंस की गोष्ट नेमकी ऐन रंगात आलेली असते, मग रडारड ठरलेली. ‘हा भाग संपला की बंद’ हे त्याला कळतं. बटणही त्यालाच दाबू दे. मात्र पुढचा भाग आपोआप सुरू होणं सेटिंग्जमध्ये जाऊन आधी थांबव, नाहीतर सगळं मुसळ केरात.

जेवताना टीव्ही नाही, यात तडजोड करू नकोस. आजी-आजोबांच्या मालिकेवर मात्र गदा आणू नकोस, विनाकारण घरात धुसफूस होते. तेवढ्या वेळात बाळाला बाहेर फिरवून आण. आणि हो, मोबाइल घरीच ठेवून जा.