जंगल संपलं की लाकूड कंपनीचं गाव ओस पडतं म्हणतात. मग अमेरिकेतलं लाँगव्ह्यू कसं टिकलं?

तुम्ही म्हणता ते खरं आहे, अशी बहुतेक गावं ओस पडली. लाँगव्ह्यू का टिकलं, याबद्दल मात्र माझं मत नेहमीच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं आहे. मी पोर्टलंडला राहतो. तिथून हे शहर गाडीने तासाभरावर, कोलंबिया नदीच्या वॉशिंग्टन राज्याकडच्या काठावर आहे. बरेचदा जाणं होतं.

नेहमीचं उत्तर म्हणजे रॉबर्ट लाँग यांची दूरदृष्टी. ती होतीच. कॅन्सस सिटीच्या लाँग-बेल या लाकूड कंपनीचे हे मालक. अमेरिकेच्या दक्षिणेतलं पाइनचं जंगल संपत आलं, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. या वयात त्यांनी वायव्येकडे डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडांची जंगलं विकत घेतली आणि कोलंबिया आणि काउलिट्झ नद्यांच्या संगमावर, पुराचं पाणी शिरायचं अशा सखल जमिनीवर, बांध घालून १९२३ मध्ये शहर उभं केलं. आधी आराखडा, मग माणसं. मध्यभागी बाग, तिच्यासमोर विटांचं मोठं हॉटेल, बागेपासून फुटणारे रुंद रस्ते. हे सगळं पन्नास हजार लोकवस्तीच्या हिशोबाने. वाचनालय आणि हायस्कूल तर लाँग यांनी स्वतःच्या पैशाने बांधून दिलं. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी इतकी देखणी शाळा! त्या इमारतीसमोर उभं राहिलं की मला आजही भरून येतं.

पण नुसत्या आराखड्यावर शहर जगत नाही. १९३० च्या जनगणनेत लोक होते जेमतेम साडेदहा हजार. मंदी आली, बांधकामं थांबली, लाकडाला गिऱ्हाईक उरलं नाही, शहरासाठी काढलेलं कर्ज कंपनीला डोईजड झालं. १९३४ मध्ये लाँग वारले. १९५६ मध्ये कंपनीच दुसऱ्या मोठ्या कागद कंपनीत विलीन झाली. तिच्या ज्या लाकूड गिरण्या एके काळी जगात सर्वांत मोठ्या म्हणून मिरवल्या, त्यांचं नावही पुसलं गेलं.

मग शहर कशावर तगलं? माझ्या मते दोन गोष्टींवर. एक म्हणजे लाकूड कापल्यावर जे उरतं ते. ओंडक्याची फळी होताना केवढा तरी भाग साली, ढलप्या आणि भुशात जातो. १९२७ मध्ये इथे लाँगव्ह्यू फायबरचा कारखाना निघाला तो याच उरलेल्या मालापासून लगदा आणि जाड तपकिरी कागद करण्यासाठी. पाठोपाठ वेयरहाउझर या दुसऱ्या लाकूड कंपनीच्या गिरण्या आल्या. म्हणजे मूळ कंपनी कोसळण्याआधीच कामगाराला दुसरं फाटक उघडलेलं होतं. दक्षिणेतल्या, एकाच गिरणीवर जगणाऱ्या गावांना हे मिळालं नाही.

दुसरी गोष्ट नदी. समुद्रापासून ६६ मैल आत असूनही इथे मोठी जहाजं लागतात. पुढे याच नदीवरच्या धरणांची स्वस्त वीज आली आणि १९४१ मध्ये ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. तोही २००१ मध्ये बंद पडला, पण तोवर दोन पिढ्यांची घरं त्यावर उभी राहिली होती.

बघायला जरूर जा. वाचनालयाजवळ रस्त्यावर उंच टांगलेला खारींचा पूल आहे. खारी गाड्यांखाली मरताना पाहवेना, म्हणून एका स्थानिक बांधकाम ठेकेदाराने तो १९६३ मध्ये बांधला. नदीच्या जुन्या पात्राचं केलेलं साकाजावीया तळंही जवळच आहे. वारा गिरण्यांकडून असेल तर कागदाच्या कारखान्याचा गंधकासारखा वास येतो. कोल्हापूर, सांगलीकडे साखर कारखान्याच्या मळीच्या वासात वाढलेल्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

लोकसंख्या आज ३८ हजारांच्या आसपास. लाँग यांचे पन्नास हजार शंभर वर्षांतही भरले नाहीत.

शेवटी धक्क्याकडे चक्कर मारा. तिथे साल काढलेल्या ओंडक्यांचे डोंगर असतात, जपानकडे निघालेले. न कापता, अख्खे. ते जहाजात चढताना पाहून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यांच्या फळ्या इथल्या करवतींवर झाल्या असत्या.