वाचकांचे प्रश्न : बर्फावर टू-स्ट्रोकचा दम

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून २५० सीसीची, पाण्यावर थंड होणारी टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेतली आहे. रस्त्यासाठी तिची नोंदणी नाही. मावळातील एका खासगी शेतावरच्या ट्रॅकवर ती चालवतो. गेल्या जानेवारीत ती टेम्पोने हिमाचलात नेली आणि तिथे मागच्या चाकाऐवजी रबरी पट्टा व पुढच्या चाकाऐवजी स्की बसवून घेतली. पुण्यात अंगावर येणारी ही गाडी ताज्या भुसभुशीत बर्फात तिसऱ्या गिअरलाच दम टाकत होती. आमचे मेकॅनिक म्हणतात, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायूच्या खिडक्या) घासू, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवू आणि मोठा सायलेन्सर टाकू. यंदा जाण्यापूर्वी नेमके काय करावे?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : आपल्या मेकॅनिकने सुचवलेल्या तिन्ही कामांनी ताकद वाढते हे खरे, पण त्यांतील पोर्ट घासण्याचे काम बर्फासाठी नाही, आणि उरलेल्या दोन कामांची पाळी बरीच नंतर येते. मातीच्या ट्रॅकवर इंजिनाला वारंवार उसंत मिळते. वळणाआधी थ्रॉटल मिटतो, उडीत चाक मोकळे फिरते, उतारावर गाडी आपल्याच वजनाने धावते. खोल बर्फात थ्रॉटल सोडला की पट्टा रुततो, त्यामुळे इंजिन मिनिटामागून मिनिटे ओझ्याखालीच चालते. मुळशीकडे भाताच्या खाचरात चिखलणी करणारा पॉवर टिलर आपण पाहिला असेल. बर्फावरच्या गाडीचे काम त्याच्या जातीचे आहे, शर्यतीच्या जातीचे नाही. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड घासून उंच केली की शेंड्याची अश्वशक्ती वाढते, पण इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांतील (आरपीएम) ओढ कमी होते, आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. घासलेले अॅल्युमिनियम परत चढवता येत नाही, म्हणून पोर्टांना हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपला दम कुठे गेला ते पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. २,५०० मीटरवर हवेचा दाब पुण्याच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी कमी असतो. थंडीमुळे हवा दाट होते आणि यातील काही भरपाई होते. पुण्यातील ३० अंशांऐवजी तिथे दुपारी ५ अंश तापमान असेल, तर हवेची घनता पुण्यापेक्षा सुमारे १४ टक्के कमी भरते. म्हणजे इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते, आणि कार्बोरेटरमधील पुण्याचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) तसाच ठेवला असेल तर पेट्रोल जास्त होऊन गाडी आणखी घुसमटते. तिसऱ्या गिअरला दम टाकण्यात याचा वाटा मोठा असणार. मात्र त्याच ठिकाणी पहाटे उणे १५ अंश असतील, तर घनतेची तूट ७-८ टक्क्यांवर येते. दुपारी अगदी काटेकोर बसवलेला जेट त्यामुळे पहाटे पेट्रोल कमी देतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेले असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. कॉलेजात असताना यामाहा आरएक्स १०० ला मोकळा सायलेन्सर लावला, जेट बदलण्याचा कंटाळा केला, आणि डिसेंबरच्या एका सकाळी दिवे घाटात पूर्ण थ्रॉटलवर मागचे चाक एकाएकी जाम झाले. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडील बाजूला बोटाने जाणवतील असे ओरखडे होते आणि खालची रिंग खाचेत चिकटून बसली होती. म्हणून सुरुवात पुण्याच्या जेटपासूनच करावी आणि एकेक घर खाली यावे. केहिन कार्बोरेटरवर १७० चा मेन जेट असेल, तर १६८ आणि फार तर १६५ पर्यंत. प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर चालवून, तिथेच इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहावा. तो दालचिनीसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका दिसला तर लगेच मागे फिरावे.

पहिला खर्च स्प्रॉकेटवर करावा. पुढचे स्प्रॉकेट १३ दातांचे असेल तर १२ दातांचे घालावे. ओढ ८ टक्क्यांनी वाढते आणि इंजिन आपोआप त्याच्या जोमाच्या फेऱ्यांत राहते. हा खर्च बोअरच्या कामाच्या मानाने किरकोळ आहे, आणि पुष्कळदा ‘ताकद कमी पडते’ ही तक्रार एवढ्यावरच मिटते. सोबत क्लचच्या प्लेटा नव्या आणि स्प्रिंगा थोड्या कडक घालाव्यात.

मग सायलेन्सर. फुगीर पोटाचा टू-स्ट्रोक एक्झॉस्ट ही नुसती शोभा नाही. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कारखान्यात अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र शर्यतीत यशस्वी केले आणि १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेत पळून सुझुकीला मिळाला, तेव्हा ती विद्या जपानला पोचली. तत्त्व असे की, पाइपाच्या शेवटच्या निमुळत्या भागावरून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारा ताजा चार्ज (हवा-पेट्रोलचे मिश्रण) पोर्ट बंद होण्याआधी आत ढकलते. ही लाट कोणत्या फेऱ्यांवर वेळेत पोचेल हे पाइपाच्या लांबीवर ठरते. आपण मधल्या फेऱ्यांसाठी बनवलेलाच पाइप मागावा; ‘मोठा’ या शब्दावर भुलू नये.

कॉम्प्रेशन वाढवणे उंचीवर खरोखर उपयोगी पडते, कारण तिथे सिलिंडर कमी भरतो आणि नॉकिंगला (मिश्रण अवेळी भडकून ठोके बसण्याला) वाव कमी राहतो. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) थोडे फेस करावे, म्हणजे त्याची खालची बाजू घासून घ्यावी, आणि प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालून किक मारावी. तारेचे चेपलेले टोक मायक्रोमीटरने मोजले की पिस्टन आणि हेडमधील कडेची फट कळते. २५० सीसीला ती १.२ ते १.४ मिलिमीटर राहू द्यावी. असे हेड घेऊन मे महिन्यात मावळात साध्या पेट्रोलवर गाडी पिदडली, तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते; तेव्हा मूळ हेड जपून ठेवावे आणि परत आल्यावर तेच बसवावे.

बोअर वाढवल्याने बर्फात मोठा फरक पडतो यात शंका नाही. केटीएमच्या २५० आणि ३०० या टू-स्ट्रोक इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच, ७२ मिलिमीटर. बोअर मात्र ६६.४ ऐवजी ७२, आणि एवढ्याने क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. परंतु भोसरीतील लेथवर आरएक्सचा ब्लॉक ओव्हरसाइज करून आणण्याइतके हे सोपे नाही. आरएक्सच्या ब्लॉकात बिडाची स्लीव्ह (आतली जाड नळी) असते. आजच्या डर्ट बाइकच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा जेमतेम केसाएवढा थर असतो. तो बोअर करून काढला की खाली मऊ अॅल्युमिनियम उघडे पडते आणि नवा थर चढवल्याशिवाय सिलिंडर निकामी होतो. म्हणून घ्यायचाच तर सिलिंडर, पिस्टन आणि हेड असा तयार संच घ्यावा.

सर्वांत उपेक्षित मुद्दा इंजिनाच्या उष्णतेचा आहे. बर्फात रेडिएटर गरजेपेक्षा फार जास्त थंड होतो. पिस्टन तापून फुगलेला असताना रेडिएटरमधील बर्फगार पाणी सिलिंडरभोवती शिरले, तर सिलिंडर आकसतो, पिस्टन आकसत नाही, आणि इंजिन सीज (जाम) होते. याची खूण म्हणजे पिस्टनवर चार कोपऱ्यांत उमटलेले उभे ओरखडे. दिवे घाटातल्या माझ्या पिस्टनवर ते एकाच बाजूला होते. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला हा धोका जास्त. बहुतेक टू-स्ट्रोक डर्ट बाइकना थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) नसतो. तो बायपाससह (पाणी रेडिएटर टाळून फिरण्याच्या वाटेसह) बसवून घ्यावा, रेडिएटरचा अर्धा भाग झाकावा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. सिलिंडरला हात लावल्यावर तो चांगला गरम लागेपर्यंत गाडी हलवू नये. एअर फिल्टरवर बर्फाची भुकटी बसू नये म्हणून वरून जाळीचे आवरण घालावे.

प्रश्न : बर्फात इंजिनाला ताण जास्त पडतो, म्हणून पेट्रोलमध्ये २-टी ऑइल दुप्पट घातले तर चालेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुप्पट नको. लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे ४० ला १, या प्रमाणावर गाडी चालत असेल, तर ३१ मिलिलिटर, म्हणजे ३२ ला १, एवढे पुरे. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढले की तेवढे पेट्रोल घटते. म्हणजे इंजिन वाचवायला जावे आणि हवेच्या मानाने पेट्रोल कमी करून बसावे, असे होते. शिवाय तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते, म्हणून आधी थोड्या पेट्रोलात ढवळून मग टाकीत ओतावे.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ ची आरएक्स १०० सुस्थितीत आहे. ती बर्फासाठी तयार करता येईल का?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : ९८ सीसी आणि ११ अश्वशक्तीतील बराचसा जोर पट्टा फिरवण्यातच खर्ची पडेल, वर दिलेल्या २५० सीसीच्या इंजिनाकडे साधारण ४५ ते ५० अश्वशक्ती असूनही ते कमी पडत होते. शिवाय आपली गाडी नोंदणीकृत आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तिच्यात असे बदल करता येत नाहीत. या गाडीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. नाना पेठेत अस्सल पिस्टन शोधताना किती दुकाने पालथी घालावी लागतात, हे आपणांस माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.