लाकडी धनुष्यातून सोडलेला प्रत्येक बाण डावीकडे जातो. चूक माझी की बाणांची?

तुम्ही दिलेले आकडे पाहता चूक बाणांची दिसते. धनुष्यावर "२८ इंचाला ४५ पौंड" (म्हणजे दोरी २८ इंच ओढायला ४५ पौंडांचा जोर) लिहिलंय आणि विकणाऱ्याने "जरा दणकट बरे" म्हणत ५०-५५ स्पाईनचे बाण दिले (स्पाईन म्हणजे बाणाचा ताठपणा, पौंडांत; आकडा मोठा तितका बाण ताठ). तुम्ही उजव्या हाताने ओढता, ओढ २६ इंचांची, आणि बाण शेपूट हलवत डावीकडे जातात. ताठ बाण असंच करतो.

लाँगबोची, म्हणजे अशा साध्या लांब लाकडी धनुष्याची, दोरी मधोमध येते, बाण मात्र मुठीच्या बाजूला टेकलेला असतो. म्हणजे सुटल्यावर त्याला मुठीला वळसा घालावाच लागतो. तो वाकतो म्हणूनच सरळ जातो! धनुष्याच्या मानाने ताठ असेल तर वाकत नाही, मुठीवर आपटून डावीकडे फेकला जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

आता हिशेब. ओढ एक इंच कमी झाली की साधारण अडीच पौंड जातात, म्हणजे तुमच्या बोटांवर ४० च्या आसपासच येतात. बॅगा तोलायचा हुकवाला काटा दोरीला अडकवून २६ इंचांपर्यंत ओढा, खात्री होईल. त्यात बाण मधोमध बसावा म्हणून तुमची मूठ मध्यापर्यंत कापलेली नाही, त्यामुळे मी ३५ ते ४० स्पाईनचे बाण घेऊन सुरुवात केली असती.

पण बाणांवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या पहिल्या डझनावर सगळीकडे एकच आकडा होता. मोजले तर ३७ पासून ५१ पर्यंत निघाले. मोजायला खास यंत्र लागत नाही. फळीवर २६ इंच (६६ सेंमी) अंतराने दोन खिळे ठोका, त्यांवर बाण आडवा ठेवा, धनुष्याला टेकणारी बाजू वर. मागे पट्टी उभी करा. पाण्याची बाटली हुकासकट बरोबर ९०७ ग्रॅम, म्हणजे दोन पौंड, भरेल इतकी भरा आणि बाणाच्या मधोमध टांगा. बाण जितके मिलिमीटर खाली गेला, त्या आकड्याने ६६० ला भागा. १३.२ मिमी झुकला तर स्पाईन ५०, १६.५ झुकला तर ४०. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा लिहा. पाच पौंडांच्या आत बसणारे एकत्र ठेवा, बाकीचे बाजूला.

आहेत ते बाण लगेच टाकू नका. पुढचं टोक जड केलं की बाण जास्त वाकतो: १०० ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं बारीक माप, साधारण ०.०६५ ग्रॅम) असेल तर १२५ चं लावून पाहा. बाण टेकतो तिथलं चामडं जाड असेल तर पातळ लावा. तेवढ्याने भागलं नाही तर दांडीचा मधला भाग पॉलिशपेपरने घासायचा, पण दर थोड्या वेळाने बाटली टांगून. मी एकदा गप्पांच्या नादात घासत बसलो आणि त्या बाणाची आता टोमॅटोच्या रोपाला काठी झाली आहे.

वजनही बघा. धनुष्याच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन, म्हणजे तुमचा बाण २१ ते २६ ग्रॅमचा हवा. त्याहून फार हलका बाण वेगात जातो खरा, पण उरलेला हिसका धनुष्याच्या दोन्ही वाकणाऱ्या भागांनाच सोसावा लागतो.

दोरीची खाच लाकडाच्या रेषांना आडवी असावी, म्हणजे दांडीची ताठ बाजू धनुष्याकडे येते. वरच्या बाजूला रेषा निमुळत्या होऊन टोकं दिसतात, ती निशाण्याकडे वळलेली हवीत. उलटी असतील आणि बाण फुटला, तर चीर तुमच्या हाताकडे येते.

आणि सोडण्यापूर्वी दर वेळी बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून कानाशी धरा. "कट्" असा बारीक आवाज आला तर तिथेच मोडून टाका, नाहीतर घाईत पुन्हा तोच हाताला लागतो.