देणं-घेणं : यादी कोणी करायची?

मागच्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की देणाऱ्यानं आधी घेणाऱ्याला विचारावं. त्यावर पुष्कळ पत्रं आली, त्यातली काही चांगलीच रागावलेली. ‘दान द्यायलाही आता परवानगी घ्यायची का?’ असं एकानं विचारलंय. हो, घ्यायची. पाच पत्रं निवडली आहेत. नावं मुद्दाम गाळली.

प्रश्न : ताई, नोव्हेंबरात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहात दीडशे ब्लँकेटं आणि एक गोडाचं जेवण द्यायचं ठरवलंय. साठ हजारांपर्यंत खर्च करू. भाऊ म्हणतो, वाटप करतानाचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवू. यात काही चुकतंय का?
— एक वाचक, पुणे

चुकत काही नाही, पण महिना चुकतोय. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयते घेऊन कारखान्याकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. लेकरं वसतिगृहात राहतात ती या मधल्या काळात. दिवाळीच्या आगेमागे तिथं दात्यांची रीघ असते. एका अधीक्षकांनी मला सांगितलं होतं, एका आठवड्यात तीन वेळा जिलेबी झाली, पोरांची पोटं बिघडली. तेच अधीक्षक फेब्रुवारीत तेलाचा डबा उधारीवर आणत होते.

म्हणून आधी फोन करा आणि सरळ विचारा, ‘फेब्रुवारीत तुमची अडचण कुठं होते?’ ब्लँकेटं बहुधा असतील. नसेल ते खरजेचं औषध, मुलींसाठी पॅड, न्हाणीघराच्या दाराला आतून लावायची कडी. कडी दीडशे रुपयांची असते, पण ती नाही म्हणून मोठ्या मुली पहाटे चारला उठून अंघोळी उरकताना मी पाहिल्या आहेत. कडीचा फोटो काही छान येत नाही, त्यामुळं ती कोणी देत नाही.

फोटोचं म्हणाल तर लेकरांचे चेहरे नकोत. ब्लँकेट हातात धरून उभ्या केलेल्या पोराला तुमच्या बाबांविषयी काय वाटणार? त्यापेक्षा बाबांचा एक फोटो न्या, ते कसे होते हे मुलांना सांगा आणि जेवायला त्यांच्याच पंगतीत बसा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. एका संस्थेला देणगी देण्यापूर्वी ताळेबंद मागितला. खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पगार आणि प्रवासावर! माझा पैसा थेट गरजूंपर्यंत जावा, कार्यकर्त्यांच्या खिशात नाही, ही अपेक्षा चूक आहे का?
— एक निवृत्त अधिकारी, नाशिक

साहेब, ताळेबंद मागितलात हे फार चांगलं केलंत. सार्वजनिक न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन तो धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो. जी संस्था तो दाखवायला कां-कूं करते तिच्या वाटेला जाऊ नका.

पण एक विचारते. तुमच्या बँकेतून गरजूला कर्ज मिळायचं ते थेट मिळायचं का? मध्ये तुम्ही होतात. तुमचा पगार त्या कर्जाच्या आड येत होता असं कोणी म्हणालं का?

मी १९९४ नंतर गावात ‘संवाद सहायक’ होते. किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात सरकार आणि गाव यांच्यामध्ये बोलायला गावोगावच्या बायका नेमल्या होत्या, त्यातली एक. पुढं संस्थेत आले, बचत गटांचे हिशेब सांभाळले. आमच्या एका देणगीदाराची अट होती की प्रवासखर्च मिळणार नाही, सगळा पैसा ‘लाभार्थ्यांवर’ लागला पाहिजे. मग काय झालं? एसटी जाते त्याच गावांना आम्ही जात राहिलो. फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेली वस्ती दोन वर्षं यादीत आलीच नाही. तिथं गरज जास्त होती, पण पोचायला जीपचं भाडं लागायचं आणि ते कोणाच्याच अटीत बसायचं नाही. सगळ्यात मागं राहिलेल्यापर्यंत पोचायला सगळ्यात जास्त खर्च येतो. म्हणून टक्का बघू नका. तो तिसरा हिस्सा खर्च करून ते कुठपर्यंत पोचले, ते विचारा. खोटी बिलं असतील तर अर्थातच तिथून उठा.

अजून एक. कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असायचा. घराघरातून मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे. ती मूठ रोजची होती आणि तिला अट नव्हती. तुम्ही वर्षातून एकदा बारा हजार देणार असाल तर त्याऐवजी महिन्याला हजार द्या आणि कशावर खर्च करायचे ते त्यांना ठरवू द्या. कार्यकर्तीला पुढच्या महिन्याचा पगार नक्की मिळणार हे माहीत असलं की ती नोकरी सोडत नाही.

प्रश्न : ताई, आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. चार वर्षांत तीन कंपन्यांनी पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं दिली. एकही चालू नाही. वीजबिल थकलंय, फिल्टर बदलायला पैसे नाहीत. प्रत्येक वेळी उद्घाटन, हारतुरे, स्वागतगीत, लेझीम. दोन दिवस शिकवणं बंद. आता चौथी कंपनी डिजिटल फळा देतो म्हणते. आम्हाला हवंय मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि ओढ्याकडच्या बाजूला कुंपण. नको म्हटलं तर पुन्हा कोणी फिरकणार नाही. काय करावं?
— एक मुख्याध्यापक, धाराशिव जिल्हा

गुरुजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते, मग उत्तराकडे येते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या आत भूकंपानं सगळं संपलं. पुढं किल्लारी, सास्तूर धरून बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं मोफत होती, पण किती मोठी? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त असणाऱ्याला ७५०. अहो, भूकंपात जमीन गेली होती का कोणाची? घर गेलं होतं! आठ माणसांचा मजूर २५० फुटांत आणि तिघांचा बागायतदार ७५० फुटांत. मोजमाप करणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. आधी ज्याच्याकडं जास्त होतं त्याला जास्त, हे त्यांना सरळ वाटलं, एवढंच. पण त्या यादीवर भूमिहीन बाई बसली असती तर तिनं घरातली तोंडं मोजली असती.

आणि नव्या गावांत रस्ते रुंद, घरं ओळीत, शेजारीण हाकेच्या पलीकडं. गुरं बांधायला जागा नव्हती. घरं बांधून देणाऱ्या बऱ्याच संस्था लांबून आल्या होत्या, त्यांनी आमची गावं पडलेलीच पाहिली. उभी असताना पाहिली असती तर गोठा विसरला नसता.

आमच्या गावात मात्र घरं पडली नव्हती, तडे गेले होते. तिथं दुरुस्तीचा पैसा घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्यानं यायचा आणि काम तोच करून घ्यायचा. भांडणं भरपूर झाली. इंजिनिअर म्हणायचा भिंत उतरवा, म्हातारी म्हणायची माझ्या नवऱ्यानं बांधलीय. पण ती घरं लोकांची वाटतात अजून.

आता तुमचं. ‘नको’ म्हणू नका, ‘हे हवं’ म्हणा, आणि एकट्यानं म्हणू नका. तुमच्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षणहक्क कायद्यानं तिच्यात पाऊण भाग पालक आणि निम्म्या बायका असतात. कागदावर असतीलच. त्यांना खरोखर बोलवा, गरजांची यादी करा, ठराव लिहा. साहेब आले की तुम्ही फक्त ठराव पुढं करायचा. मग मुख्याध्यापक आडमुठा ठरत नाही, समितीचं म्हणणं ठरतं.

यादी करतानाही जपा. आमच्या गावात पहिली यादी ग्रामपंचायतीत सकाळी अकराला झाली. पहिली गरज निघाली मंदिरापुढं सभामंडप. खालच्या वस्तीतल्या बायका त्या वेळी खुरपायला गेलेल्या. म्हणून रात्री आठला वस्तीतल्या समाजमंदिरात परत बसलो. मंडपाचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्या म्हणाल्या, हापसा आमच्याकडं नाही, वरच्या आळीत गेलं तर बोलणी खावी लागतात. गाव एकच, याद्या दोन. तुमच्या शाळेतही सातवीच्या मुलींशी एखाद्या बाईंनी वेगळं बोलावं. मास्तरांसमोर त्या स्वच्छतागृहाचं काही सांगणार नाहीत.

कंपनी पुन्हा येणार नाही ही भीती खोटी नाही. कायद्यानं २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, पण आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही तोच कायदा सांगतो. कारखाने पुण्या-मुंबईकडं, म्हणून पैसाही तिकडंच वळतो. धाराशिव, वाशिम, नंदुरबार, गडचिरोली हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहेत खरे, पण यादीत असल्यानं कारखाना येत नाही.

तरी तुमचा हात अगदीच दगडाखाली नाही. न खर्चलेली रक्कम कंपनीला ठेवून घेता येत नाही. ती ठराविक मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते. मार्च जवळ आला की घाई त्यांनाही असते. तेव्हा तयार ठराव, जागेचं माप आणि गावच्या गवंड्याचा अंदाज हातात असलेली शाळा त्यांना हवीच असते. शिवाय चालू प्रकल्प म्हणून सुरू केलेलं काम पुढं तीन वर्षांपर्यंत चालवता येतं. म्हणजे ‘टाकी आणि मोटार द्या, आणि तीन वर्षं वीज-दुरुस्तीचंही बघा’ असं मागायला हरकत नाही. चौथी कंपनी डिजिटल फळ्यावरच अडून बसली, तर त्यांना ती तीन बंद यंत्रं दाखवा. झाकून ठेवू नका, हार घालून दाखवा.

आणि लेझीम बंद. पाहुण्यांना वर्गात बसवा, पाढे ऐकवा.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर आमच्या मंडळातल्या काही जणांनी मराठवाड्यासाठी पैसे जमवले. थेट गावातल्या छोट्या संस्थेला पाठवायचे होते, पण ते म्हणतात आम्हाला घेता येत नाहीत. एवढं अवघड का?
— एक वाचक, न्यू जर्सी

दादा, संस्था खरं बोलतेय. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही. ते थेट देऊ शकतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं त्यांचा पैसा मात्र परकीय, मग जन्म लातूरचा का असेना. तो घ्यायला संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतच आधी जमा होतो. २०२० पासून तर अशी नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेला तो पैसा पुढं छोट्या संस्थेला देताही येत नाही. हिशेब नीट राहावा हे मलाही पटतं, पण यात गावातली चार बायकांची संस्था बाजूला पडली, हेही खरं.

तेव्हा जमा पैशाचे दोन भाग करा, पासपोर्टाप्रमाणं. एक थेट. दुसरा अशा नोंदणीकृत संस्थेला, जी त्या तालुक्यात स्वतः काम करते. चुलतभावाच्या खात्यात टाकून पुढं संस्थेला देण्याचा विचार सोडा, अडचणीत संस्था येईल.

आणि सगळं एकदम पाठवू नका. पुराच्या पहिल्या आठ दिवसांत फरसाण आणि पाण्याच्या बाटल्यांचे ट्रक येतात. खरडून गेलेल्या रानात माती आणून टाकायची असते ती नंतर, आणि तेव्हा वर्तमानपत्रात पुराची बातमी नसते. ज्याची स्वतःची जमीन नाही, बटईनं किंवा मजुरीनं राबतो, त्याचं नाव पंचनाम्यातही येत नाही. सातबाऱ्यावर तो नसतोच. संस्थेला विचारा, अशी किती घरं तुमच्या यादीत आहेत? उत्तर लगेच आलं तर पैसे योग्य जागी चाललेत.

प्रश्न : घरात जुने कपडे खूप साठलेत. आपत्तीत द्यावेत का?
— एक गृहिणी, डोंबिवली

धुऊन, गुंड्या लावून, चेनी तपासून, बायका-पुरुष-लेकरं अशी वेगळी गाठोडी करून द्या, तीही कोणी मागितली तरच. ‘गूंज’सारख्या संस्था कपडे फुकट वाटत नाहीत, गाव आपलं ठरवलेलं एखादं काम करतं, विहीर उपसतं, रस्ता नीट करतं आणि मोबदल्यात कपडे घेतं. घेणाऱ्याची मान ताठ राहते, म्हणून मला ती पद्धत आवडते.

किल्लारीच्या वेळी आमच्या शाळेच्या दोन खोल्या कपड्यांनी छतापर्यंत भरल्या होत्या. त्यात लोकरीचे कोट होते, टाय होते. एका आजीनं कोट उचलून विचारलं होतं, ‘‘बाई, ह्यो माणसाला घालायचा का बैलाला?’’ साड्या तर इतक्या की मोजल्या नाहीत. दोन खोल्यांत परकर मात्र निघाले अकरा. तेव्हा साडी देणार असाल तर तिच्याबरोबर परकर द्या, नाडी घालून.