जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या रहस्यकथा आवडल्या. तिच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्याही वाचाव्यात, की तो वेळेचा अपव्यय आहे? आणि वाचायच्या तर सुरुवात कुठून करावी?

वाचा. आणि 'वेळेचा अपव्यय' एवढे शब्द प्रश्नातून काढता आले तर काढा. हेच शब्द मी आमच्या वाचनालयाच्या बैठकीत कार्यवाहांच्या तोंडून ऐकलेत आणि ते अजून पचलेले नाहीत.

तुम्ही 'डेथ इन द स्टॉक्स' आणि 'डिटेक्शन अनलिमिटेड' वाचून विचारताय. त्यांत तुम्हाला नेमकं काय आवडलं ते जरा आठवा. खून? पहिलीत गावातल्या जुन्या खोड्यात, गुन्हेगारांचे पाय अडकवायचे त्या खोड्यात, मेजवानीच्या पोशाखातलं प्रेत सापडतं. सुरुवात झकास आहे, पण पुढचं पुस्तक पेलतात ती मेलेल्याची सावत्र भावंडं. भाऊ गेल्याचं त्यांना काही सोयरसुतक नाही. कोणाला काय फायदा झाला आणि कोण फासावर जाईल, याच्या गप्पा ती पोलिसांसमोर खुशाल हाणतात. दुसरीत थॉर्नडेन गावातला, सगळ्यांना नकोसा झालेला एक वकील आपल्याच बागेत गोळी लागून मरतो आणि अख्खं गाव आपापला तर्क घेऊन तपास करणाऱ्या पोलीस अधिकारी हेमिंग्वेच्या मागे लागतं. त्यातला खुनी मला आज विचाराल तर दोन मिनिटं डोकं खाजवावं लागेल. पण सगळ्या पेकिनीज कुत्र्यांची नावं 'यू' अक्षरावरूनच ठेवणाऱ्या त्या बाई डोळ्यांसमोर उभ्या आहेत.

याचं कारण सरळ आहे. खुनाची गुंतागुंत बऱ्याचदा तिचा नवरा जुळवून द्यायचा. रोनाल्ड रूजिए, आधी खाण अभियंता, पुढे बॅरिस्टर. तो पात्रांना 'अ' आणि 'ब' म्हणायचा, म्हणजे 'अ'ने 'ब'ला कसं मारलं एवढाच सांगाडा. त्या 'अ'-'ब'ला नावं, तोंडं, खोड्या आणि खवचट जिभा द्यायचं काम हेयरचं. एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायला बसली आणि तिने नवऱ्याला विचारलं, अहो, हा खून नक्की झाला कसा ते परत एकदा सांगा. ('अहो' माझं.) तिच्या मुलाने पुढे सांगितलं की रहस्यकथा म्हणजे तिला शब्दकोडं सोडवण्यासारखी करमणूक वाटायची. १९३२ ते १९४२ या काळात साधारण वर्षाला एक प्रेमकादंबरी आणि एक रहस्यकथा असा तिचा रतीब होता, आणि खप कायम प्रेमकादंबऱ्यांचाच जास्त. 'डेथ इन द स्टॉक्स' आणि 'रीजन्सी बक' दोन्ही १९३५ च्या. तोच हात, तेच टोमणे. फरक इतकाच की दुसरीचं कथानक नवऱ्याकडून आलेलं नाही.

आता बैठकीचं सांगतो, त्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

जालना जिल्ह्यातलं आमचं गाव. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या ग्रंथ निवड समितीवर होतो. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवलेल्या बाई वारल्या आणि त्यांच्या पुतण्याने पुस्तकांची खोकी वाचनालयात आणून टाकली. बाईंनी एकटीने जन्म काढला, सुट्टीत मुंबईला जायच्या आणि फाउंटनच्या फुटपाथवरून पुस्तकं घेऊन यायच्या. खोक्यांत हेयर भरपूर होती, जुनी पॅन प्रकाशनाची पेपरबॅक, कडा पिवळ्या पडलेली. कार्यवाहांनी टेबलावर दोन ढीग केले. मुखपृष्ठावर सुरी, पिस्तूल किंवा प्रेत असेल ते पुस्तक डावीकडे, बॉनेट (हनुवटीखाली बांधायची जुनी टोपी) घातलेली बाई असेल ते उजवीकडे. डावा ढीग ग्रंथपालांकडे, दाखल नोंदवहीत नोंदवायला. उजवा ढीग रद्दीत. "वाचनालयात लेकीबाळी येतात. असल्या प्रेमकथा म्हणजे वेळेचा अपव्यय."

मी म्हटलं, लेखिका एकच आहे, नाव तरी वाचा. त्यावर ते म्हणाले, "साहेब, बँकेत बसून हेच वाचत होतात का?" सगळे हसले. मीसुद्धा वाचत होतोच, त्यामुळे उत्तर काय देणार?

आणि खरी गंमत पुढे आहे. उजव्या ढिगात 'ॲन इन्फेमस आर्मी' होतं, कारण मुखपृष्ठावर लाल कोटातल्या अधिकाऱ्याशेजारी बाई होती. हे पुस्तक १९३७ चं, विषय वॉटर्लू, म्हणजे नेपोलियन हरला ती लढाई. त्यातला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला कैलना नदी उतरून आमच्याच जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला तोच. म्हातारपणी त्याला विचारलं, आयुष्यातली सगळ्यांत चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू सोडून तो असई म्हणाला. आमचे कार्यवाह दर सप्टेंबरला असईवर भाषण करतात, शाळेची पोरं उन्हात बसवून. त्याच वेलस्लीवरचं पुस्तक त्यांनी दोन बोटांनी उचलून रद्दीत टाकलं. हेयरने त्याच्या लिहिण्याची ढब नेमकी पकडता यावी म्हणून त्याचं एक मूळ पत्र विकत घेतलं होतं. या कादंबरीत त्याच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द तो खरोखर बोललेला किंवा लिहिलेला आहे, असा तिचा दावा होता. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत वॉटर्लूसाठी हे पुस्तक सुचवलं जायचं, असं तिच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. आमच्याकडे ते किलोवर गेलं.

मी संध्याकाळी रद्दीवाल्याकडे जाऊन उजवा ढीग वजनावर घेऊन आलो. घरी चाळताना एका पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर बाईंनी पेन्सिलने काढलेल्या गाड्या दिसल्या. दोन चाकं एक घोडा, खाली 'गिग'. दोन चाकं दोन घोडे, 'करिकल'. चार चाकं, 'फिटन, मुंबईतली नव्हे'. घोड्यांचे पाय काही जमले नव्हते, खोडून परत काढले होते. बाई हे वेळेचा अपव्यय म्हणून करत नव्हत्या. हेयरच अशा नोंदींनी वह्या भरायची, गाड्या, कपडे, किमती, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, सगळं. हाताशी हजारावर संदर्भग्रंथ होते. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० ची दहाएक वर्षं, राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि मुलगा त्याच्या वतीने गादी सांभाळतोय. त्याच वर्षांत इकडे पेशवाईचा निकाल लागला. एवढ्या चिमुकल्या काळातलं लंडन आणि बाथ शहर तिने असं उभं केलं की आज कोणीही रीजन्सी प्रेमकथा लिहायला बसला की तिच्याच वाड्यात बिऱ्हाड करतो.

आणि ही काही फावल्या वेळातली हौस नव्हती. पहिली कादंबरी, 'द ब्लॅक मॉथ', तिने आजारी भावाचं मन रमवायला रचली आणि १९२१ मध्ये ती छापून आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. १९२५ मध्ये वडील अचानक गेले, निवृत्तिवेतन नाही, दोन धाकटे भाऊ. घर तिच्या लेखणीवर आलं. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी आफ्रिकेतल्या टांगानिकाच्या जंगलात गवताच्या झोपडीत राहिली, आणि तिथे बसून अठराव्या शतकातलं लंडन लिहिलं.

बँकवाल्या माणसाने 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१) वाचावी, ही माझी खास शिफारस. नायक फौजेतून परततो तो बापाचं कर्ज आणि गहाण पडलेली जमीन वारशात घ्यायला. मन एका सुंदर मुलीवर, लग्न मात्र श्रीमंत व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या मुलीशी, पैशासाठी. पुढे वॉटर्लूच्या वेळी लंडनमध्ये अफवा उठते की इंग्रज हरले, रोख्यांचे भाव कोसळतात, सासरा म्हणतो विकून मोकळा हो. हा वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला गडी उलट कर्ज काढून खरेदी करतो. मी कर्जविभागात काम केलंय, ते प्रकरण वाचताना मला घाम फुटला होता. आणि शेवटी त्या नवराबायकोत जे उरतं ते वादळी प्रेम नाही. ती त्याचं जेवणखाण बघते, त्याच्या शेतीत लक्ष घालते, आणि त्याला हळूहळू ती हवीशी होते. बघून लग्न केलेल्या आपल्या आईवडिलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्यांना यात 'लेकीबाळी बिघडतील' असं काही दिसतं, त्यांनी पुस्तक उघडलेलं नाही. हेयरच्या कादंबरीत चुंबन आलंच तर बहुतेक वेळा शेवटच्या पानावर येतं. बिघडायचंच असेल तर डाव्या ढिगात विषप्रयोग, वारसाहक्काची भांडणं आणि सुरे आहेत, ते आमच्या कपाटात क्रमांक घालून ठेवलेत.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला, सुरुवात कुठून. रहस्यकथेची सवय असेल तर 'द टॅलिसमन रिंग' (१९३६) घ्या. काळ १७९३, ससेक्स, एक खाणावळ, चोरटा माल आणणारे लोक, खुनाचा आळ आलेला तरुण वारस आणि हरवलेली अंगठी. मग 'कोटिलियन'. मग वरची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'. 'दीज ओल्ड शेड्स' सगळे आधी वाचायला सांगतात. मला त्यातला ड्यूक फार नाटकी वाटतो, पण १९२६ मध्ये इंग्लंडात सार्वत्रिक संप चालू असताना, धड जाहिरात नसतानाही ती तुफान खपली, तेव्हा माझं ऐकू नका.

थोडं आधीच सांगायला हवं होतं ते आता सांगतो. तिला सगळं जग उमरावांच्या दिवाणखान्यातून दिसतं. नोकर बहुतेक गमतीपुरते, आणि 'द ग्रँड सोफी'तला ज्यू सावकार तर चीड आणणारा आहे. कादंबरी १९५० ची आहे, तोवर जगाने काय पाहिलं होतं ते लक्षात घेता याला सबब नाही. शिवाय बोली जड आहे. पहिली पन्नास पानं निम्मे शब्द कळणार नाहीत, शब्दकोश उघडत बसू नका, संवादाच्या ओघात कळतात. आणि हो, काही रहस्यकथा चांगल्या आहेत. 'पेनहॅलो'त खून कोणी केला हे तुम्हाला डोळ्यांदेखत कळतं, तरी पुस्तक हातातून सुटत नाही. मी वर जे बोललो ते कार्यवाहांवरच्या रागात थोडं जास्त झालं असेल, पण मागे घेत नाही.

'ॲन इन्फेमस आर्मी' मात्र पहिल्यांदा उचलू नका. आधी 'डेव्हिल्स कब' आणि 'रीजन्सी बक' वाचा, कारण त्यांतली माणसं आणि त्यांची नातवंडं इथे ब्रसेल्सच्या नाचात भेटतात. लढाईची प्रकरणं लांब आहेत, तेव्हा वॉटर्लूचा नकाशा उघडून बसा. ऊगूमाँची वाडी कुठे आणि वेलिंग्टनची उजवी फळी कुठे हे कळलं नाही तर निम्मी मजा जाते.